यंत्रमानवांची लगोरी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखादा यंत्रमानव मांडलेला असला की त्याच्याभोवती लगेच गर्दी जमते. पण ती टिकते किती वेळ? यंत्राने हात वर केला, चार पावले टाकली, दिवे लुकलुकले, की पाहणारे पुढच्या टेबलाकडे वळतात. टेबलामागे उभा असलेला विद्यार्थी मोटार, गिअर, संवेदक यांची माहिती सांगत राहतो आणि ती ऐकायला उरतात परीक्षक आणि त्याच्याच वर्गातले दोन-तीन मित्र. म्हणजे ज्यांना या विषयाची आधीपासून गोडी आहे तेच थांबतात. ज्यांना ती लागावी म्हणून एवढा खटाटोप केला, ते निघून गेलेले असतात.

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धा भरवणाऱ्यांनाही ही अडचण पहिल्यापासून आली. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याची हुशारी बाहेरून दिसत नाही. मग सामान्य प्रेक्षकाने पाहायचे काय? गेल्या सुमारे पन्नास वर्षांत अमेरिका, जपान आणि पुढे आशियातील इतर देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. काही जमली, काही फसली. हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यात यंत्रांइतकाच खेळ कसा आखावा याचाही विचार आहे.

भिंत धरून पळणारा उंदीर

१९७७ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ या मासिकाने एक आगळे आव्हान जाहीर केले. चक्रव्यूहातून स्वतःची वाट स्वतः शोधणारा यंत्र-उंदीर बनवायचा. बाहेरून कोणी सूचना द्यायच्या नाहीत. ही स्पर्धा ‘मायक्रोमाऊस’ या नावाने ओळखली जाते. तिची अंतिम फेरी १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये झाली.

तेथे एक गंमत झाली. काही उंदीर खरोखर ‘शिकणारे’ होते. ते वाट लक्षात ठेवत, चुकलेले वळण पुन्हा घेत नसत. दुसरे काही उंदीर अगदी साधे होते. एका बाजूची भिंत धरायची आणि पळत सुटायचे, एवढेच त्यांना येत होते. वेगाच्या बाबतीत हे भिंतवाले उंदीरच सरस ठरले!

असे का झाले? विद्यार्थ्यांना हे कागदावर करून पाहायला सांगा. चक्रव्यूहात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची अशा दोन्ही जागा बाहेरच्या कडेला असतील, तर एक हात सतत भिंतीला लावून चालणारा माणूस दुसऱ्या दारातून हमखास बाहेर पडतो. त्याला काहीही लक्षात ठेवावे लागत नाही. म्हणजे दोष उंदरांचा नव्हता, नियमांचा होता. हुशारी दाखवा असे सांगितले होते, पण हुशारीची गरजच पडू नये असा खेळ आखला होता.

१९८० साली ही स्पर्धा लंडनमध्ये भरली, तेव्हा इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ पॉलिटेक्निकचे जॉन बिलिंग्जली यांनी एक छोटासा बदल केला. उंदराने बाहेर पडायचे नाही, चक्रव्यूहाच्या मधोमध पोचायचे. मधल्या चौकाच्या भिंती बाहेरच्या भिंतींपासून सुट्या ठेवल्या की भिंत धरून पळणारा उंदीर कडेकडेने फिरत राहतो, मध्यभागी कधीच पोचत नाही. पुढे १६ × १६ चौकटींचा चक्रव्यूह सर्वत्र रूढ झाला.

या बदलाचा प्रेक्षकांनाही फायदा झाला. उंदीर आधी चाचपडत, अडखळत सगळीकडे हिंडतो. मग तो सुरुवातीच्या जागी येतो आणि दुसऱ्या फेरीत एकही वळण न चुकता सुसाट मध्यभागी जातो. मधल्या काळात त्याने काहीतरी शिकून घेतले, हे इलेक्ट्रॉनिक्सचा गंधही नसलेल्या माणसाला दिसते. यंत्राच्या आत चाललेला विचार नियमातील एका बदलामुळे डोळ्यांना दिसू लागला.

सर्वांना सारखेच सामान

याच सुमारास अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम गाजत होता. त्याचा क्रमांक होता २.७०. १९७०च्या दशकात वुडी फ्लॉवर्स या तरुण प्राध्यापकांनी त्याला जे रूप दिले ते पुढे जगभर उचलले गेले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंचा संच द्यायचा, एक काम सांगायचे आणि काही आठवड्यांत ते काम करणारे यंत्र बनवायला लावायचे. शेवटी दोन-दोन यंत्रांचे बाद पद्धतीने सामने.

परीक्षेऐवजी सामना ठेवल्यामुळे काय घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. परीक्षेचा पेपर पाहायला कोणी येत नाही. या सामन्यांना मात्र अभ्यासक्रमाशी संबंध नसलेली मुलेही सभागृह भरून टाकत. पुढे ही स्पर्धा अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरही दाखवली गेली. सर्वांचे सामान सारखेच असल्याने, एकाने त्यातून लांब हात बनवला आणि दुसऱ्याने बुटकी गाडी, तर फरक फक्त कल्पनेचा आहे हे प्रेक्षकाला कळत असे. आपल्या मित्राने त्याच वस्तूंतून असे काही केले जे आपल्याला सुचले नसते, याचे कौतुक वाटायला अभियंता असावे लागत नाही.

सुमोच्या आखाड्यात

जपानमध्ये हीच कल्पना वेगळ्या वाटेने वाढली. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक मासाहिरो मोरी हे यंत्रमानवशास्त्रातील मोठे नाव. माणसासारखे दिसणारे यंत्र जवळजवळ माणूसच वाटू लागले की पाहणाऱ्याला ते आवडण्याऐवजी अस्वस्थ करते, हा विचार त्यांनी १९७०मध्ये मांडला होता. म्हणजे यंत्र पाहणाऱ्याच्या मनात काय चालते, याचा त्यांचा विचार जुनाच होता. विद्यार्थ्यांनी हाताने वस्तू घडवाव्यात आणि त्यातून शिकावे, यावर त्यांचा भर होता.

त्यांच्या प्रेरणेने जपानच्या एन.एच.के. या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८८ साली ‘कोसेन’मधील विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा सुरू केली. कोसेन म्हणजे आपल्याकडील तंत्रनिकेतनांशी साम्य असलेल्या संस्था. वयाच्या पंधराव्या वर्षी मुले तेथे दाखल होतात. पहिल्या वर्षीचा विषय होता साध्या विद्युतघटांवर, म्हणजे आपल्या बॅटरीच्या सेलवर, पळणारी गाडी. त्यानंतर दरवर्षी नवा खेळ जाहीर होऊ लागला. अंतिम फेरी अनेक वर्षे टोकियोतील सुमो कुस्तीच्या प्रसिद्ध सभागृहात भरत आली आहे.

दरवर्षी नवा खेळ कशासाठी? मागच्या वर्षीचे यंत्र चालत नसल्याने जुन्या संघाला आणि नवख्या संघाला जवळपास एकाच रेषेवरून सुरुवात करावी लागते. शिवाय आयोजक दूरचित्रवाणीवाले होते. पाहणाऱ्याचे लक्ष उडाले की तो दुसरी वाहिनी लावतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यामुळे सामना थोडक्यात आटोपला पाहिजे, दोन्ही बाजूंचे रंग वेगळे पाहिजेत, काम लांबूनही दिसेल एवढे ठळक पाहिजे, अशा गोष्टींना पहिल्यापासून महत्त्व आले. १९९० साली अमेरिकेतील आणि जपानमधील या दोन प्रवाहांची भेट झाली आणि दोन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांचे मिश्र संघ एकत्र यंत्रे बनवू लागले.

मक्याच्या दाण्यांवर पहिला सामना

डीन केमन हे अमेरिकेतील यशस्वी संशोधक. रुग्णाच्या शरीरात ठरावीक प्रमाणात औषध सोडणारा, जवळ बाळगता येण्याजोगा पंप त्यांनी बनवला होता. त्यांची तक्रार अशी की मुलांना खेळाडूंची आणि नटांची नावे पाठ असतात, पण जिवंत असलेल्या एकाही शास्त्रज्ञाचे किंवा अभियंत्याचे नाव सांगता येत नाही. यावर त्यांचा उपाय होता खेळाकडूनच युक्ती उसनी घेण्याचा. १९८९ साली त्यांनी ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि स्पर्धेची आखणी करायला वुडी फ्लॉवर्स यांना सोबत घेतले.

पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर गावी एका माध्यमिक शाळेच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते २८. मैदानावर मक्याचे दाणे पसरलेले आणि त्यातून टेनिसचे चेंडू गोळा करायचे! मक्याच्या दाण्यांवर चाके घसरतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या यंत्राची चाके जागच्या जागी फिरू लागली की प्रेक्षकाला त्याची अडचण लगेच समजते. घर्षणाचा धडा आणि सामन्यातील रंगत एकाच गोष्टीतून साधली होती.

१९९५पासून काही वर्षे या स्पर्धेची अंतिम फेरी फ्लोरिडातील डिस्नेच्या करमणूक-नगरीत होत असे. वाद्यवृंद, जयघोष, निशाणे, संघांचे विचित्र पोशाख हे सगळे क्रीडासामन्यांतून जसेच्या तसे घेतले होते. प्रत्येक संघाबरोबर काम करणारे अभियंते असत. त्यामुळे मुलांना यंत्राबरोबर ते बनवणारी माणसेही जवळून पाहायला मिळाली.

रंगत म्हणजे मोडतोड?

लोकांना खेचण्याचा याहून सोपा मार्ग उपलब्ध होता. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत यंत्रांच्या लढाया सुरू झाल्या. करवती, हातोडे लावलेली यंत्रे एकमेकांना तोडत. १९९८पासून बी.बी.सी.ने अशाच लढाया दाखवल्या आणि त्या फार लोकप्रिय झाल्या. कारण उघड आहे. कोणाचे तुकडे झाले, हे लहान मूलही सांगू शकते.

पण विद्यार्थ्याने महिनोन् महिने खपून केलेले काम तीन मिनिटांत भंगारात जावे, हे शाळेच्या स्पर्धेत बसणारे नव्हते. ‘फर्स्ट’ने मुद्दाम मोडतोड करण्यास बंदी ठेवली आणि चुरस दुसऱ्या मार्गाने आणली. १९९९ साली दोन-दोन संघांच्या जोड्या एकमेकांविरुद्ध खेळू लागल्या, २००५पासून तीन-तीनच्या. प्राथमिक फेऱ्यांत जोडीदार बदलत राहतो. आज ज्याच्याशी सामना आहे तो पुढच्या फेरीत आपल्याच बाजूला असू शकतो. मग त्याची मोटार जळली तर आपली जादा मोटार त्याला देणे, यात भलेपणाइतकाच शहाणपणाही असतो. चुरशीने खेळा, पण प्रतिस्पर्ध्याला सन्मानाने वागवा, ही फ्लॉवर्स यांची शिकवण अशा नियमांतून रुजत गेली. केवळ भाषणांनी ती रुजली असती असे वाटत नाही.

सहकार्याचा आग्रह जास्त झाला की काय होते, तेही याच स्पर्धेत दिसले. २००१ साली समोर प्रतिस्पर्धी ठेवलाच नाही. चारही यंत्रांनी मिळून गुण मिळवायचे. विचार उदात्त होता. पण ‘कोण जिंकतंय?’ या प्रेक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरले नाही. पुढच्याच वर्षी समोरासमोरचे सामने परत आले.

२०१० सालचा प्रकार आणखी बोलका आहे. त्या वर्षीचा खेळ फुटबॉलसारखा, म्हणजे पाहताक्षणी समजणारा. पण प्राथमिक फेऱ्यांतील क्रमवारीचा हिशेब असा होता की हरणाऱ्या बाजूलाही जिंकणाऱ्यांच्या धावफलकाइतके गुण मिळत. काही संघांनी गणित मांडले आणि काही सामन्यांत सहाही यंत्रे मिळून एकाच बाजूसाठी गोल करू लागली! नियमांनुसार त्यांचे काहीच चुकले नव्हते. पण आपल्या मुलाचा संघ स्वतःवरच गोल का चढवतो आहे, हे पालकांना कोण समजावून सांगणार? न्यूयॉर्कच्या भिंतवाल्या उंदरांसारखीच ही गोष्ट आहे. खेळणारे नेहमी नियमांशी खेळतात, आखणाऱ्याच्या हेतूशी नाही.

दहीहंडी, पालक आणि लगोरी

आता आपल्याकडे येऊ. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली टोकियोत ‘रोबोकॉन’ सुरू केली. महाविद्यालयीन संघांची ही स्पर्धा जपानी प्रयोगाचीच पुढची पायरी आहे. तिची एक सुंदर प्रथा अशी की यजमान देश आपल्या परंपरेतून खेळाचा विषय निवडतो. बँकॉकने २००३ साली वेताच्या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या ‘तक्रॉ’वरून खेळ रचला, कैरोने २०१० साली पिरॅमिड बांधायला लावले, तर इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराने २०१५ साली यंत्रांना बॅडमिंटन खेळायला लावले. पाहणाऱ्याला खेळ आधीपासून माहीत असतो. नियम समजावण्यात वेळ जात नाही आणि सगळे लक्ष ‘यंत्राला हे जमेल का?’ याकडे लागते.

भारतात या स्पर्धेची धुरा दूरदर्शनने उचलली. २००८ साली आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, तेव्हा विषय होता दहीहंडी. उंचावरचे लोणी यंत्रांनी मिळवायचे! तोल सांभाळून उंची गाठणे किती कठीण, हे गोकुळाष्टमीला रस्त्यावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गुरुत्वमध्य हा शब्द त्याने ऐकलेला नसला तरी थर डळमळला की त्याच्या तोंडून ‘अरे अरे’ निघतेच.

२०१४ साली ही फेरी पुन्हा पुण्यात आली. या वेळी विषय होता पालकत्व. प्रत्येक संघाची दोन यंत्रे, एक पालक आणि एक मूल. पालक-यंत्र विद्यार्थी चालवत, मूल-यंत्र स्वयंचलित. पालकाने मुलाला उचलून बागेत न्यायचे आणि झोपाळा, सी-सॉ अशा खेळण्यांवर खेळवायचे. येथे गोष्टीची निवड किती नेमकी आहे पाहा. माणसाच्या ताब्यातील यंत्र आणि स्वतःहून चालणारे यंत्र यांतला फरक हा या विषयातील एक मूलभूत फरक. तो समजावायला एरवी फळ्यावर आकृत्या काढाव्या लागतात. येथे मूल पालकाच्या हातातून सुटले आणि आपले आपण चढू लागले की सभागृह श्वास रोखून पाही.

२०२२ साली नवी दिल्लीतील फेरीसाठी भारताने लगोरी निवडली. मैदानी खेळ यंत्रांसाठी कसा बदलावा लागतो, याचा हा चांगला नमुना आहे. ठिकऱ्यांऐवजी लहान-मोठ्या आकाराच्या पाच जाड चकत्या घेतल्या. चेंडू मारून त्या पाडायच्या आणि पुन्हा एकावर एक रचायच्या, हे तसेच ठेवले. पण आपल्या लगोरीत रचणाऱ्याच्या पाठीत चेंडू बसला की तो बाद होतो. यंत्राचे काय करायचे? लागल्याचे त्याला कळत नाही आणि जोरात मारला तर ते मोडेल. म्हणून रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवला आणि प्रतिपक्षाने तो पाडायचा असे ठरले. डोक्यावरचा चेंडू पडला की नाही, हे शेवटच्या रांगेतूनही दिसते. त्यासाठी पंचांना विचारावे लागत नाही.

सर्वांत मोठे बक्षीस कोणाला?

येथे एक शंका मनात येईल. हे सगळे प्रेक्षकांच्या सोयीने चालले तर शिक्षणाचे काय? टाळ्यांसाठी यंत्रे बनू लागली तर खोलात कोण जाईल?

शंका रास्त आहे. दोन्ही मोठ्या परंपरांनी तिचे उत्तर जवळपास सारखेच दिले आहे. जपानच्या कोसेन स्पर्धेत सर्वोच्च मान विजेत्या संघाला मिळतोच असे नाही. कल्पनेचे सौंदर्य आणि नावीन्य पाहून दिला जाणारा ‘रोबोकॉन महापुरस्कार’ विजेतेपदाहून वरचा मानतात. ‘फर्स्ट’मध्येही सर्वांत प्रतिष्ठेचा पुरस्कार मैदानावरच्या गुणांवर ठरत नाही. इतर मुलांपर्यंत, शाळेपर्यंत, गावापर्यंत विज्ञान नेण्यासाठी संघाने काय केले, हे पाहून तो देतात. म्हणजे सामना प्रेक्षकांना समजेल असा ठेवायचा आणि गौरव मात्र सामन्यात दिसत नाही अशा कामाचा करायचा. हे दोन्ही एकत्र असेल तरच खेळाचा तमाशा होत नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. ‘फर्स्ट’च्या मोठ्या स्पर्धेत उतरायला संघाला हजारो डॉलर उभे करावे लागतात. आपल्याकडेही तयार संच विकत घेणारी शाळा आणि न घेऊ शकणारी शाळा यांच्यात अंतर पडते. म्हणून २.७०मधील सारख्या सामानाची अट आणि जपानमधील बॅटरीवरची गाडी यांची आठवण ठेवली पाहिजे. या परंपरांचा आरंभ महागड्या संचांतून झालेला नाही.

आपल्या शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. खेळ शिक्षकांनी देऊ नये. विद्यार्थ्यांनाच आखू द्यावा. विटीदांडू, लंगडी, आट्यापाट्या, रस्सीखेच यांपैकी एक घ्या. दोन सेल, एक लहान मोटार, रबरबँड, पुठ्ठा, सायकलच्या काड्या एवढ्यात बसेल असे त्याचे रूप ठरवायला सांगा. माणूस ‘बाद’ होतो तसे यंत्र कसे बाद होईल? रेषा ओलांडली हे कसे कळेल? दोन गटांत नियमांवरून भांडणे होतील, होऊ द्यावीत. शोधाशोध तेथूनच सुरू होते. नियम तयार झाले की एका गटाने त्यांतली पळवाट शोधायची आणि दुसऱ्याने ती बुजवायची. बिलिंग्जलींनी चक्रव्यूहाचे तेच केले होते.

शेवटी एक चाचणी घ्या. विज्ञानाशी संबंध नसलेल्या कोणालाही, शाळेच्या शिपाईकाकांना, एखाद्या आजीला, अर्धा मिनिट सामना पाहायला बोलवा. मग विचारा, ‘कोण पुढे आहे? आणि मागे पडलेल्याचं नेमकं काय अडलंय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर नियम बदला. दुसऱ्याचेही बरोबर आले, तर यंत्र बनवणाऱ्या मुलांना तेथे बोलवा आणि त्यांनी पुढे काय करावे हे त्या आजींनाच विचारायला सांगा.